स्टेटमेंट आपलं, रूपांतरही आपल्याच संगणकावर

नेटबँकिंगमधून उतरवून घेतलेलं वर्षभराचं स्टेटमेंट डोळ्यांनी वाचायला सोपं असतं, पण हिशेबाच्या प्रोग्रॅमला ते जसंच्या तसं वाचता येत नाही. वर बँकेचं नाव, शाखेचा पत्ता, आयएफएससी, नॉमिनीची नोंद अशा दहाबारा ओळी असतात. मग तारीख, तपशील, चेक क्रमांक, काढलेली रक्कम, भरलेली रक्कम, शिल्लक असे रकाने. रकमा १,२३,४५६.०० अशा आपल्याकडच्या स्वल्पविरामांसह लिहिलेल्या. तळाशी ‘हे स्टेटमेंट संगणकाने तयार केले असून सहीची आवश्यकता नाही’ अशा अर्थाची ओळ. दुसऱ्या बँकेची फाइल उघडावी तर रकान्यांचा क्रम वेगळा, तारीख लिहिण्याची पद्धत वेगळी, आणि ताजा व्यवहार सगळ्यात वर. नवरा-बायको आणि आई-वडील यांची मिळून चार-पाच खाती असलेल्या घरात वर्षाचा एकत्रित हिशेब मांडायला बसणारा माणूस इथेच थकतो. मग तो फुकट रूपांतर करून देणारं एखादं संकेतस्थळ शोधतो आणि आपली फाइल तिथे चढवून मोकळा होतो.

असं करू नये, हे मला कळकळीने सांगायचं आहे. स्टेटमेंटमध्ये फक्त रकमा नसतात. पगार कोण देतं, घरभाडं कुणाला जातं, औषधं कुठून येतात, मुलं कोणत्या शाळेत आहेत, कर्जाचा हप्ता किती, हे सगळं त्यात असतं. २०१६ मध्ये यूपीआय आल्यापासून तर दहा रुपयांची कोथिंबीरसुद्धा विकणाऱ्याच्या नावानिशी स्टेटमेंटात उतरते. कुटुंबाचं एवढं खासगी चित्र आपण अशा संकेतस्थळाच्या हवाली करतो, ज्याचा मालक कोण आणि फाइल तिथे किती दिवस राहते, हे आपल्याला ठाऊक नसतं. आणि काम तरी केवढं? रकान्यांतला मजकूर उचलून ठरलेल्या दुसऱ्या साच्यात लिहायचा, इतकंच. घरातला साधा लॅपटॉप ते इंटरनेटशिवाय, क्षणात करतो. त्यासाठी एक छोटं साधन एकदा बसवून घ्यावं लागतं. ते टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करून चालवायचं असतं, म्हणून लोक बिचकतात. खरी अडचण टर्मिनलची नसून बँकेच्या फाइलची आहे, हे पुढे दिसेलच.

उदाहरण म्हणून मी ओएफएक्सस्टेटमेंट हे साधन घेतो. ते पायथन भाषेत लिहिलेलं आहे, मुक्त परवान्याखाली मिळतं, आणि बँकेच्या फाइलचं ओएफएक्स नावाच्या स्वरूपात रूपांतर करतं. ती फाइल ग्नूकॅशसारख्या हिशेबाच्या प्रोग्रॅममध्ये थेट घेता येते. ग्नूकॅशची पहिली स्थिर आवृत्ती १९९८ ची. तोही मुक्त आहे, जमा-नावेची दुहेरी नोंद पाळतो, आणि त्याच्या पडद्यावरच्या मजकुराचं मराठी आणि कोकणी भाषांतरही झालेलं आहे.

ओएफएक्सच का, हे समजायला थोडं मागे जावं लागतं. अमेरिकेत घरगुती हिशेबासाठी इंट्यूट कंपनीचा क्विकन हा प्रोग्रॅम लोकप्रिय होता, आणि त्याच्यासोबत क्यूआयएफ हे स्वरूप रूढ झालं. ते अगदी साधं. प्रत्येक ओळीचं पहिलं अक्षर त्या ओळीत काय आहे ते सांगतं: डी म्हणजे तारीख, टी म्हणजे रक्कम, पी म्हणजे ज्याला पैसे गेले तो. पण तारीख कोणत्या क्रमाने लिहावी याचा नियम पक्का नव्हता, चलनाचा उल्लेख नव्हता, आणि बँकेने व्यवहाराला दिलेला खास क्रमांक ठेवायला जागाच नव्हती. म्हणून एकच फाइल चुकून दोनदा घेतली तर सगळे व्यवहार दुप्पट व्हायचे. १९९७ मध्ये मायक्रोसॉफ्ट, इंट्यूट आणि चेकफ्री या तीन कंपन्यांनी मिळून ओएफएक्स आणलं. यात खातं, बँक, चलन, शिल्लक या सगळ्यांना ठरावीक जागा आहे. तारीख वर्ष-महिना-दिवस अशी सलग आकड्यांत लिहितात, म्हणजे ३ एप्रिल २०२५ ही तारीख २०२५०४०३ अशी येते आणि तिचा ४ मार्च होऊ शकत नाही. सर्वात महत्त्वाचं म्हणजे प्रत्येक व्यवहाराला एक ओळखक्रमांक असतो. त्याकडे पुन्हा येऊच.

या तिघांतल्या मायक्रोसॉफ्टचा स्वतःचा मनी नावाचा प्रोग्रॅम होता. २००९ मध्ये कंपनीने त्याची विक्री थांबवली. ज्यांनी वर्षानुवर्षं त्यात हिशेब लिहिला होता, त्यांना आपल्या नोंदी दुसरीकडे नेण्याची सोय पाहावी लागली. हिशेब प्रोग्रॅमपेक्षा जास्त जगतो. म्हणून तो अनेक प्रोग्रॅमना वाचता येईल अशा उघड स्वरूपात ठेवण्याची सवय लावून घेणं शहाणपणाचं.

आता साधन बसवण्याकडे वळू. इथून पुढे आज्ञा उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत. टाइप करताना त्या रोमन लिपीत, लहान अक्षरांत लिहायच्या. साधनाचं नाव मध्ये जागा न सोडता एकच सलग शब्द म्हणून लिहितात.

पायथनची साधनं बसवण्याचा जुना मार्ग म्हणजे पिप. जुन्या मार्गदर्शिकांमध्ये ‘पिप इन्स्टॉल’ आणि पुढे साधनाचं नाव, एवढंच दिलेलं असतं. आजच्या डेबियन किंवा उबुंटूवर हे केलं की लाल अक्षरांत नकार येतो: हे वातावरण बाहेरून व्यवस्थापित आहे. पुष्कळजण इथे घाबरतात किंवा नकार मोडून काढणारा पर्याय जोडून पुढे जातात. दोन्हींची गरज नाही. लिनक्सची स्वतःची काही कामं पायथनवर चालतात. आपण वरून एखादं पॅकेज बसवताना त्याच्यासोबत दुसऱ्या कशाची तरी नवी आवृत्ती आली, तर प्रणालीचंच काही बिघडू शकतं. म्हणून २०२३ मध्ये आलेल्या डेबियन १२ पासून प्रणालीच्या पायथनमध्ये पिपने थेट काही बसवायला आडकाठी घातली गेली. ती आपल्याच हिताची आहे, जबरदस्तीने ओलांडू नये.

त्यावरचा चांगला उपाय म्हणजे पिपएक्स. एकाच घरात प्रत्येक बिऱ्हाडाला वेगळी खोली द्यावी, तसं पिपएक्स प्रत्येक साधनाला त्याचं स्वतंत्र वातावरण देतं. एकाचा पसारा दुसऱ्याच्या खोलीत जात नाही, आणि साधन नको झालं की खोली पूर्ण रिकामी करता येते. डेबियन-उबुंटूवर पिपएक्स ‘सुडो एपीटी इन्स्टॉल पिपएक्स’ या आज्ञेने येतं. मॅकवर होमब्रू असेल तर ‘ब्रू इन्स्टॉल पिपएक्स’. विंडोजवर आधी पायथनच्या अधिकृत संकेतस्थळावरून पायथन घ्यावं लागतं. ते बसवताना पहिल्याच खिडकीत तळाशी पाथमध्ये पायथन जोडण्याविषयी एक चौकोन असतो. त्यावर खूण करायला विसरू नका. विंडोजवर नुसतं ‘पायथन’ टाइप केल्यावर मायक्रोसॉफ्टचं दुकान उघडलं, तर पायथन अजून बसलेलं नाही किंवा पाथमध्ये नाही असं समजावं. पायथन आल्यावर त्याच्याच पिपने पिपएक्स बसवायचं.

पाथ हा शब्द इथे वारंवार भेटतो, म्हणून त्याचा अर्थ सांगून टाकतो. आपण टर्मिनलमध्ये एखादं नाव टाइप करतो, तेव्हा संगणक ते अख्ख्या डिस्कवर शोधत नाही. ठरावीक फोल्डरांची एक यादी असते, तेवढीच तो क्रमाने पाहतो. ती यादी म्हणजे पाथ. साधन व्यवस्थित बसलं, पण ज्या फोल्डरात बसलं तो यादीत नसला, तर ‘आज्ञा सापडली नाही’ असं उत्तर येतं. पुष्कळदा साधन बसलेलंच असतं, फक्त सापडत नसतं. ‘पिपएक्स एन्शुअरपाथ’ ही आज्ञा तो फोल्डर यादीत घालते. ती दिल्यावर टर्मिनलची खिडकी बंद करून नवी उघडायची, कारण जुनी खिडकी जुनीच यादी धरून बसलेली असते.

यानंतर ‘पिपएक्स इन्स्टॉल ओएफएक्सस्टेटमेंट’. इंटरनेटची गरज इथे पॅकेज उतरवण्यापुरती असते, रूपांतराला ती लागत नाही. नाव टाइप करताना मात्र एकेक अक्षर तपासा. पायथनची पॅकेजं जिथून येतात त्या पायपीआय या सार्वजनिक भांडारात कुणालाही पॅकेज ठेवता येतं. प्रसिद्ध पॅकेजच्या नावात एखादं अक्षर बदलून घातक पॅकेजं ठेवल्याचे प्रकार घडलेले आहेत. २०१७ मध्ये स्लोव्हाकियाच्या राष्ट्रीय सुरक्षा कार्यालयाने अशी दहा पॅकेजं उघडकीला आणली होती. ज्या साधनाला आपण बँकेची फाइल वाचायला देणार, त्याच्या बाबतीत ही काळजी घ्यायलाच हवी.

साधन बसल्यावर ‘ओएफएक्सस्टेटमेंट लिस्ट-प्लगिन्स’ ही आज्ञा द्या. यादी रिकामी येईल. इथे अनेकांना वाटतं की काहीतरी चुकलं. तसं नाही. या साधनाच्या गाभ्यात एकाही बँकेची माहिती नाही. ओएफएक्स कसं लिहायचं एवढंच त्याला ठाऊक आहे. अमुक बँकेची फाइल कशी वाचायची, हे प्लगिन नावाच्या वेगळ्या छोट्या पॅकेजमध्ये असतं. जगभरातल्या लोकांनी आपापल्या बँकांसाठी अशी प्लगिन लिहून खुली केली आहेत. मला ही रचना फार पटते. बँकेने उद्या रकाने बदलले तर गाभ्याला हात न लावता एक प्लगिन दुरुस्त करून भागतं.

प्लगिन बसवताना एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. पिपएक्सने प्लगिन वेगळं बसवायला गेलात तर ते साधनाच्या वातावरणात जाणार नाही, आणि यादी रिकामीच राहील. प्लगिन साधनाच्याच खोलीत जायला हवं. त्यासाठी ‘पिपएक्स इंजेक्ट’ ही आज्ञा आहे. तिच्यापुढे आधी साधनाचं नाव आणि मग प्लगिनचं नाव लिहायचं. प्लगिन तुम्ही स्वतः लिहिलं असेल, तर नावाऐवजी त्याच्या फोल्डरचा पत्ता देता येतो. आता यादीत प्लगिन दिसेल, आणि ‘कन्व्हर्ट’ या आज्ञेला प्लगिनचं नाव, बँकेची फाइल आणि नव्या फाइलचं नाव दिलं की काम होईल.

तुमच्या बँकेसाठी तयार प्लगिन मिळेलच असं नाही. आपल्याकडच्या बँकांच्या, विशेषतः सहकारी बँकांच्या बाबतीत ते स्वतः लिहावं लागेल असंच धरून चाला. थोडं पायथन येत असेल तर हे काम एका सुट्टीच्या दिवसाचं आहे. साधनाच्या लेखकाने नमुना म्हणून एक रिकामं प्लगिन दिलेलं आहे. त्यात कोणत्या रकान्यात तारीख, कोणत्या रकान्यात तपशील, तारीख कोणत्या क्रमाने, एवढं सांगायचं असतं. पायथन शून्यापासून मोजतं, म्हणून पहिला रकाना शून्य क्रमांकाचा. काढलेली आणि भरलेली रक्कम वेगवेगळ्या रकान्यांत असते, तेव्हा काढलेल्या रकमेपुढे उणे चिन्ह लावून दोन्ही एकाच आकड्यात आणायच्या. लाख-कोटींचे स्वल्पविराम आधी काढून टाकायचे. रकमेसाठी पायथनमधला डेसिमल हा प्रकार वापरायचा, फ्लोट नाही. फ्लोटमध्ये संगणक आकडा द्विमान पद्धतीने ठेवतो, आणि त्या पद्धतीत दहा पैसे नेमके मांडता येत नाहीत. शून्य पॉइंट एक आणि शून्य पॉइंट दोन यांची बेरीज फ्लोटमध्ये बरोबर शून्य पॉइंट तीन येत नाही. हिशेबात असली सूक्ष्म गळतीसुद्धा चालणार नाही.

बँकेची फाइलच कधीकधी सोंग घेऊन येते. नावाच्या शेवटी एक्सएलएस असतं, पण आत एक्सेल नसतं. टॅबने वेगळा केलेला साधा मजकूर असतो, नाहीतर वेबपानासारखा एचटीएमएल तक्ता. म्हणून फाइल आधी साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये उघडून पाहावी. लिनक्सवर आणि मॅकवर ‘फाइल’ नावाची आज्ञाच आहे, ती आतलं खरं स्वरूप सांगते. खरोखर एक्सेल असेल तर लिबरऑफिसमधून तिची सीएसव्ही, म्हणजे स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली साधी मजकुराची फाइल, करून घेता येते. पीडीएफ हा शेवटचा पर्याय समजावा. पीडीएफमध्ये रकाना नावाची वस्तूच नसते, कागदावर कुठे कोणतं अक्षर आहे एवढंच असतं. तपशील दोन ओळींत मोडला की सगळी घडी विस्कटते.

आणि सीएसव्ही फाइल एक्सेलमध्ये उघडून पुन्हा जतन करू नये. एक्सेल पंधरा अंकांपुढचे आकडे टिकवत नाही. सोळा अंकी खातेक्रमांक असेल तर शेवटचा अंक शून्य होतो. सुरुवातीची शून्यं गळून पडतात. काही मजकुराला ते परस्पर तारीख समजतं. या शेवटच्या सवयीपायी २०२० मध्ये मानवी जनुकांना नावं देणाऱ्या समितीला काही जनुकांची नावंच बदलावी लागली. मूळ फाइल जशी आली तशी एका फोल्डरात ठेवावी आणि तिला हात लावू नये. जे काही करायचं ते प्रतीवर.

आता ओळखक्रमांकाकडे. आपण एप्रिलमध्ये एक स्टेटमेंट घेतो, मे महिन्यात दुसरं, आणि दोघांत काही दिवस सामाईक असतात. ओएफएक्समधला प्रत्येक व्यवहाराचा क्रमांक ग्नूकॅश लक्षात ठेवतं आणि तोच पुन्हा दिसला की ती नोंद दुसऱ्यांदा घेत नाही. पण बँकेच्या सीएसव्हीमध्ये हा क्रमांक स्वतंत्र रकान्यात नसला तर प्लगिनला तो तयार करावा लागतो. साधनात त्याची सोय आहे: तारीख, तपशील, रक्कम यांवरून एक संकेत बनतो. तीच माहिती पुन्हा दिली तर तोच संकेत. इथे एकच पेच आहे. एकाच दिवशी बँकेने सारख्याच रकमेचं शुल्क दोनदा कापलं आणि तपशीलही सारखाच लिहिला, तर दोन्हींचा संकेत एकच येतो आणि एक खरी नोंद गाळली जाते. यूपीआयच्या व्यवहारांत ही भीती कमी, कारण तपशिलात बारा अंकी संदर्भक्रमांक बहुधा असतो. प्लगिन लिहिताना तो उचलून ओळखक्रमांक म्हणून वापरणं मला सर्वात खात्रीचं वाटतं. बाकीच्यांसाठी पुढे अनुक्रमांक जोडून वेगळा संकेत करण्याची सोय साधनात आहे. ती वापरताना स्टेटमेंट नेहमी पूर्ण दिवसांचं घ्यावं, चालू दिवसाचं अर्धवट घेऊ नये.

रूपांतर झालं की ते बरोबर झालं का, हे एकाच कसोटीवर ठरतं. आरंभीच्या शिलकेत सगळ्या जमा मिळवा, सगळ्या खर्ची वजा करा. अखेरची शिल्लक बँकेच्या शिलकेशी पैशापर्यंत जुळली पाहिजे. दहा रुपयांचा फरक ‘किरकोळ’ म्हणून सोडू नका. पाच हजार जास्त आणि चार हजार नऊशे नव्वद कमी, अशा दोन चुकांतूनही दहाचाच फरक उरतो. तपासणी महिन्यागणिक केली तर चूक कोणत्या महिन्यात आहे ते लगेच कळतं.

हे सगळं प्रत्येकाने करावं असं माझं म्हणणं नाही. एकच खातं आणि महिन्याला वीसेक व्यवहार असतील तर ग्नूकॅशमध्ये थेट सीएसव्ही घेण्याची सोय पुरेशी आहे. खाती अनेक असली, दर महिन्याला तेच काम करायचं असलं, की आज्ञेवर चालणाऱ्या साधनाची किंमत कळते. एकदा बसवलं, एकदा प्लगिन लिहिलं, की पुढे फक्त एक ओळ.

खात्याची माहिती संमतीने इकडून तिकडे नेण्यासाठी आपल्याकडे अकाउंट ॲग्रिगेटरची व्यवस्था २०२१ पासून सुरू आहे. पण तिथून माहिती मिळते ती वित्तीय नियामकांकडे नोंदलेल्या संस्थांना. घरी स्वतःचा हिशेब लिहिणाऱ्याला आजही बँकेची फाइल उतरवूनच घ्यावी लागते.

देशातल्या नागरी सहकारी बँकांपैकी सर्वात जास्त बँका महाराष्ट्रात आहेत. त्यांच्या ग्राहकांत निवृत्त शिक्षक आहेत, छोटे दुकानदार आहेत, गृहनिर्माण संस्थांचे खजिनदार आहेत, आणि त्यांच्यातल्या अनेकांच्या घरात पायथन येणारा मुलगा किंवा मुलगी आहे. त्या मुला-मुलींना माझी विनंती आहे. आपल्या बँकेचं प्लगिन लिहा आणि मुक्त परवान्याखाली खुलं करा. सोबत नमुन्याची फाइल द्या, पण तिच्यात नावं, खातेक्रमांक, संदर्भक्रमांक आणि रकमा सगळं काल्पनिक घाला. तुमचं एका दिवसाचं काम त्या बँकेच्या शेकडो खातेदारांना आपलं स्टेटमेंट परक्याच्या हाती देण्यापासून वाचवू शकेल.